कॉलेज क्वार्टरबॅक कसा पारखायचा? एनएफएल ड्राफ्टआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ड्राफ्टची, म्हणजे एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगचे संघ कॉलेजचे खेळाडू निवडतात त्या सोहळ्याची, पहिली फेरी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर गुरुवारी रात्री आठला सुरू होते, तेव्हा पुण्या-मुंबईत शुक्रवारी पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. तीन दिवस, सात फेऱ्या, बत्तीस संघ, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच विषय: क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणात चेंडू फेकणारा सूत्रधार. खालची उत्तरं खेळाचे नियम माहीत असलेल्या, पण कॉलेजचा खेळाडू पारखायचा कसा हे समजून घ्यायचं असलेल्या वाचकांसाठी आहेत.

सगळी चर्चा क्वार्टरबॅकभोवतीच का फिरते?

आक्रमणाची जवळजवळ प्रत्येक खेळी त्याच्या हातून सुरू होते, हे एक. दुसरं कारण पैशाचं आहे. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेल्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांसाठी ७.८ कोटी डॉलरचा करार मिळाला होता, त्यातले ५ कोटी हमीचे. २०११ च्या सामूहिक करारानंतर नवख्यांचा पगार निवडीच्या क्रमांकाशी बांधला गेला. करार चार वर्षांचा असतो आणि पहिल्या फेरीतल्या खेळाडूला पाचवं वर्ष द्यायचं की नाही हे संघ ठरवतो. चांगला क्वार्टरबॅक या पगारात मिळाला की वाचलेला पैसा लाइन (त्याचं रक्षण करणारे), रिसीव्हर (त्याच्या फेका झेलणारे) आणि बचावावर लावता येतो.

फसलं तर मात्र काय होतं ते सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सनी अनुभवलं. २०२१ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर जाण्यासाठी त्यांनी त्या वर्षीचा बारावा क्रमांक, पुढच्या दोन वर्षांच्या पहिल्या फेरीतल्या निवडी आणि तिसऱ्या फेरीतली एक निवड दिली आणि ट्रे लान्सला घेतलं. त्यांच्याकडून तो चार सामने सुरुवातीपासून खेळला. ऑगस्ट २०२३ मध्ये चौथ्या फेरीतल्या एका निवडीच्या बदल्यात तो डॅलसला गेला.

ड्राफ्टला कोण पात्र असतो?

हायस्कूल सोडून तीन वर्षं झालेला खेळाडू. कॉलेजची पात्रता शिल्लक असलेल्यांना जानेवारीत नाव द्यावं लागतं. जुलै २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करता येते आणि कॉलेज बदलणंही सोपं झालं आहे, त्यामुळे बरेच जण जास्त वर्षं कॉलेजातच थांबतात. मायकेल पेनिक्स ज्युनिअर सहा हंगाम खेळून २०२४ मध्ये आला, तर बो निक्स ६१ सामने सुरुवातीपासून खेळून. २४ वर्षांचा मुलगा १९ वर्षांच्या कॉर्नरसमोर, म्हणजे रिसीव्हरला अडवणाऱ्या बचावपटूसमोर, सरस दिसणारच. म्हणून वय नेहमी आकड्यांच्या शेजारी लिहा.

कॉलेजचे आकडे थेट का वापरू नयेत?

कारण त्यातला क्वार्टरबॅकचा वाटा किती आणि भोवतालचा किती हे आकडा सांगत नाही. पारख म्हणजे मुख्यतः हीच वेगळवणी, आणि तिच्यात सगळ्यात जास्त वेळ जातो.

जो बरोचं उदाहरण घ्या. लुइझियाना स्टेट विद्यापीठात (एलएसयू) २०१८ ला त्याच्या फेकांपैकी ५७.८ टक्के पूर्ण झाल्या आणि टचडाउन १६ होते. २०१९ ला ७६.३ टक्के आणि ६० टचडाउन. मधल्या काळात पासिंगची आखणी बदलली, आणि जमार चेस व जस्टिन जेफरसन हे रिसीव्हर बहरले. पुढच्या वर्षी अलाबामात मॅक जोन्सने ७७.४ टक्के गाठले. त्याच्या भोवतीही डेव्हॉन्टा स्मिथ, जेलन वॉडल, नाजी हॅरिस असे पहिल्या फेरीतले खेळाडू होते. कागदावर दोन्ही हंगाम जुळे भाऊ वाटतात. पण बरो पॉकेटमध्ये, म्हणजे लाइनने राखलेल्या जागेत, दोन पावलं सरकून, दबाव अंगावर घेऊन अरुंद फटीत चेंडू देत होता. जोन्सला बऱ्याचदा स्वच्छ पॉकेट आणि तीन-चार यार्ड मोकळा रिसीव्हर मिळत होता. हा फरक टक्केवारीत दिसत नाही, व्हिडिओत दिसतो.

नियमांमुळेही आकडे बिघडतात. कॉलेजमध्ये सॅकमध्ये, म्हणजे फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला मागे पाडल्यावर, गेलेले यार्ड क्वार्टरबॅकच्या धावण्यातून वजा होतात. समजा तो आठ वेळा धावून ६० यार्ड गेला आणि चार सॅकमध्ये ३० यार्ड गमावले, तर स्कोअरकार्डवर दिसतं १२ धावांत ३० यार्ड. एनएफएलमध्ये सॅकचा हिशेब वेगळा ठेवतात. कॉलेजचा आकडा पाहून ‘याला धावता येत नाही’ म्हणणारे इथेच चुकतात.

तिसरी गोष्ट आरपीओची, म्हणजे पळायचं की फेकायचं हे स्नॅपनंतर (चेंडू खेळात आल्यावर) ठरवायची खेळी. फेक होण्याआधी कॉलेजमध्ये लाइनमन तीन यार्ड पुढे जाऊ शकतो, एनएफएलमध्ये एकच. त्यामुळे कॉलेजचे सोपे आरपीओ वर गेल्यावर आक्रसतात. शिवाय कॉलेजमध्ये रिसीव्हरचा एक पाय मैदानात पुरतो, एनएफएलमध्ये दोन लागतात. कडेच्या फेकीत कॉलेजात खपलेली सहा इंचांची चूक तिथे खपत नाही.

मग कोणते आकडे कामाचे?

आधी ड्रॉपबॅक मोजा: फेका, सॅक आणि पळून काढलेल्या खेळी यांची बेरीज. यातून स्क्रीन (लाइनच्या आडून दिलेल्या छोट्या फेका), आरपीओ आणि लाइनच्या मागेच पकडलेल्या फेका बाजूला काढा. उरतो तो त्याचा खरा पासिंगचा ऐवज. काही मुलांच्या बाबतीत यात एक तृतीयांश आकडे गळून पडतात.

मग स्वच्छ पॉकेटमधली कामगिरी पाहा. दबावातले आकडे वर्षागणिक वरखाली होतात, स्वच्छ पॉकेटमधले बरेच टिकतात. मोकळा वेळ मिळूनही जो साधारण खेळतो, त्याच्याबद्दल दबावातल्या दोन चमकदार फेकांवर मत बनवू नका.

आमच्या मते सगळ्यात दुर्लक्षित आकडा म्हणजे दबावातून सॅक होण्याचं प्रमाण. शंभर ड्रॉपबॅकमध्ये दबाव आला आणि वीस वेळा सॅक झाला, तर २० टक्के. ही साधारण पातळी. १५ च्या खाली असेल तर मुलगा चेंडू वेळेत सोडतो किंवा निसटतो. २५ च्या वर गेला तर धोक्याची घंटा. सॅकचा दोष सगळे लाइनला देतात, पण हे प्रमाण कॉलेज बदललं, लाइन बदलली तरी खेळाडूबरोबर जातं, कारण चेंडू किती वेळ धरायचा ही त्याची सवय असते. कॅलेब विल्यम्सबद्दल ही शंका ड्राफ्टआधीच होती. २०२४ च्या पहिल्याच हंगामात तो ६८ वेळा सॅक झाला. त्यात शिकागोच्या लाइनचा वाटा होता, पण सवयीचाही होता. एक सूचना: ‘दबाव’ कशाला म्हणायचं हे प्रत्येक आकडे-संस्था वेगळं ठरवते. दोन ठिकाणचे आकडे एका तक्त्यात घालू नका.

सुरुवातीपासून खेळलेल्या सामन्यांची संख्याही लिहून ठेवा. मिच ट्रुबिस्की आणि अँथनी रिचर्डसन दोघेही १३ सामन्यांवर आले. इतक्या कमी सामन्यांत मुलगा वाईट आहे असं सिद्ध होत नाही, पण तुमचा अंदाज चुकण्याची शक्यता वाढते. मॅच जिंकल्या-हरल्याचा हिशेब मात्र सोडून द्या. २०१६ ला पॅट्रिक माहोम्सच्या टेक्सास टेकने पाच सामने जिंकले आणि सात हरले, आणि त्याने स्वतः ५,०५२ यार्ड फेकले.

व्हिडिओ कोणता पाहायचा आणि किती?

संघांकडे ऑल-२२ असतो, म्हणजे बावीसही खेळाडू दिसतील असा उंचावरचा आणि एंड झोनमागचा कोन. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे धावतो, त्यामुळे सेफ्टी, म्हणजे सर्वांत मागचे बचावपटू, चौकटीबाहेर राहतात आणि रिसीव्हर मोकळा होता की नाही हे कळत नाही. घरी बसून पाहणाऱ्याला टीव्हीवरच भागवावं लागतं. तेव्हा प्रत्येक फेकीनंतरचा रिप्ले सोडू नका, कारण तो अनेकदा मागच्या कोनातून असतो.

पाच पूर्ण सामने पुरतात. प्रत्येकी तीस-पस्तीस ड्रॉपबॅक धरले तर दीडशे-पावणेदोनशे खेळी होतात. सामने निवडताना सगळ्यात तगड्या बचावाविरुद्धचा एक, त्याच्या सर्वांत वाईट दिवसाचा एक, परक्या मैदानावरचा एक, लाइनमधला मुख्य खेळाडू जखमी असतानाचा एक आणि हंगामाच्या शेवटचा एक घ्या. यूट्यूबवरच्या ठळक क्षणांच्या फितींवरून मत बनवू नका. तिथे चुका कापलेल्या असतात, आणि पारख चुकांवरच होते.

प्रत्येक खेळीसाठी वहीत एक ओळ: डाउन आणि अंतर, चेंडू कोणत्या हॅशवर (खेळी सुरू होते ती मैदानावरची खूण), शॉटगन (सेंटरपासून दूर उभं राहून) की सेंटरच्या लगेच मागे, प्ले-अ‍ॅक्शन (आधी धावण्याची हूल) होतं का, दबाव आला का, चेंडू सुटायला किती सेकंद, कितव्या पर्यायाला फेकला, चेंडू नेमका कुठे पडला, निर्णय बरोबर होता का. निकाल सगळ्यात शेवटी लिहा. निकाल आधी लिहिला की हात आपोआप निर्णयाच्या रकान्यात बरोबरची खूण करतो. एका सामन्याला दीड-दोन तास लागतात. घाई केलीत तर पहिला बळी पावलांच्या निरीक्षणाचा जातो.

एका खेळीत नेमकं काय पाहायचं?

एक नमुना खेळी सावकाश घेऊ. तिसरा डाउन, आठ यार्ड बाकी. क्वार्टरबॅक शॉटगनमध्ये, दोन्ही बाजूंना दोन-दोन रिसीव्हर. डावीकडचा आतला रिसीव्हर सरळ खोल पळून जागा मोकळी करणार, आणि बाहेरचा चौदा यार्डांवर आत वळणार. उजवीकडचा बाहेरचा रिसीव्हर पंधरा यार्ड जाऊन कडेला परत येणार.

स्नॅपआधी थांबवा. मागे दोन सेफ्टी समान खोलीवर उभे आहेत, म्हणजे मधला भाग रिकामा दिसतो. सोपं उत्तर: डावीकडून आत येणारा रिसीव्हर.

आता स्नॅप. पहिल्या अर्ध्या सेकंदात एक सेफ्टी खोल मध्यावर सरकतो आणि दुसरा खाली उतरून अगदी त्याच जागेत दबा धरतो जिथे तो रिसीव्हर वळणार आहे. बचावाने दाखवलं एक आणि खेळला दुसरं. इथून पुढे फक्त क्वार्टरबॅकच्या हेल्मेटची दिशा बघा. जो स्नॅपआधीच मनात ठरवून बसला होता त्याची नजर हलत नाही. तो मागचा पाय रोवतो, चेंडू सोडतो आणि खाली आलेला सेफ्टी तो छातीवर घेतो. उद्घोषक म्हणतो ‘रिसीव्हर घसरला’. तुमच्या वहीत मात्र ‘फिरलेला सेफ्टी दिसला नाही’ असं जायला हवं.

ज्याला तो दिसला, त्याचं पुढचं दर्जेदार काम पावलांत दिसतं. साधारण पावणेदोन सेकंदांना मागचा पाय रोवला जातो, एक छोटं पाऊल पुढे पडतं, डावीकडचा पर्याय मेलेला कळतो आणि कंबर उजवीकडे फिरते. कंबरेबरोबर पुढचा पायही लक्ष्याकडे वळला पाहिजे. चेंडू साधारण २.७ सेकंदांना सुटतो, रिसीव्हर मागे वळायच्या आत. पाय न वळवता नुसत्या हाताने फेकला तर चेंडू आतल्या बाजूला राहतो आणि कॉर्नरला संधी मिळते. फेक पूर्ण झाली तरी अशी पावलं दिसली की खूण करा. रविवारी एनएफएलच्या वेगवान कॉर्नरसमोर हीच सवय नडते.

अशा वीस-पंचवीस खेळी पाहिल्यावर मुलगा मैदान वाचतो की ठरवलेलं खेळतो हे समजतं. अर्ध्याच मैदानावर दोन पर्याय, नाही तर पळ, अशी आखणी कॉलेजमध्ये बरीच असते. तो मुलाचा दोष नव्हे, पण पलीकडचा तिसरा-चौथा पर्याय त्याने कधी गाठलेलाच नसेल, तर तो गाठता येतो असं तुम्ही गृहीत धरू शकत नाही.

हातात किती ताकद लागते?

लोक लांब फेक बघून ताकद मोजतात, ते चूक. साठ यार्ड उंच फेकणारे बरेच असतात. खरा कस लागतो तो पलीकडच्या कडेच्या सपाट फेकीत, आणि इथे कॉलेजचं मैदान मदतीला येतं.

मैदान १६० फूट रुंद. कॉलेजच्या हॅश खुणा एकमेकींपासून ४० फुटांवर, एनएफएलच्या साडेअठरा फुटांवर. चेंडू डाव्या हॅशवर असेल तर उजवी कड कॉलेजमध्ये १०० फूट लांब पडते, एनएफएलमध्ये सव्वाएकोणनव्वद फूट. कॉलेजच्या लांबच्या हॅशवरून पंधरा यार्ड खोलीची कडेची फेक म्हणजे हवेत जवळपास चाळीस यार्ड. ती फेक जो सपाट आणि वेळेत देतो, त्याच्या ताकदीबद्दल पुन्हा विचारायची गरज नाही. म्हणूनच वहीत हॅशचा रकाना आहे.

कम्बाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधीच्या एकत्रित चाचणी शिबिरात, चेंडूचा वेग मोजतात आणि ताशी ५५ मैल हा बरा मानतात. पण २०१७ मध्ये माहोम्सचा ६० आणि डेशॉन वॉटसनचा ४९ आला, आणि दोघेही पुढे दर्जेदार खेळले. वेळेच्या आधी सुटलेला ४९ चा चेंडू उशिरा सुटलेल्या ६० च्या आधी पोचतो. वेग हा चुकीला मिळालेली सूट आहे, एवढंच त्याचं महत्त्व.

अचूकता आणि पूर्ण झालेल्या फेकांची टक्केवारी एकच ना?

नाही. धावत्या रिसीव्हरच्या पुढच्या हातात, त्याचा वेग न मोडता दिलेला चेंडू अचूक. त्याच्या पाठीमागे गेलेला, थांबून वळून घेतलेला चेंडूही टक्केवारीत पूर्णच धरला जातो. आम्ही तीन खुणा वापरतो: जिथे हवा तिथे २, झेलता येतो पण रिसीव्हरला कसरत करावी लागते तर १, बाहेर गेला तर ०. दहा ते वीस यार्डांच्या मधल्या पट्ट्यातली सरासरी वेगळी काढा, कारण एनएफएलचं आक्रमण याच पट्ट्यावर उभं असतं.

चूक कुठल्या प्रकारची तेही लिहा. सारखा उंच जाणारा चेंडू म्हणजे बहुधा वजन मागच्या पायावर राहतं, आणि ते सुधारता येतं. कधी उंच, कधी खाली, कधी मागे अशी विखुरलेली चूक मात्र सुधारणं कठीण.

जॉश अ‍ॅलनचं नाव इथे हमखास निघतं. वायोमिंगमध्ये तो ५६ टक्क्यांच्या आसपास होता. २०१८ मध्ये सातव्या क्रमांकावर निवडला गेला आणि पहिल्या तीन हंगामांत ५२.८, ५८.८, ६९.२ असा चढत गेला. तो सुधारला याचा आनंद आहे, पण त्याच्या नावावर प्रत्येक ५५ टक्केवाल्याला वर ढकलणं बरोबर नाही. इतकं सुधारलेला दुसरा क्वार्टरबॅक शोधायला फार वेळ लागतो.

उंची आणि पंजा खरंच महत्त्वाचे आहेत का?

उंची काही प्रमाणात. कायलर मरे आणि ब्राइस यंग दोघेही कम्बाइनमध्ये पाच फूट दहा इंचांच्या किंचित वर भरले आणि दोघेही पहिल्या क्रमांकावर गेले. अशा मुलाला मधल्या फटींतून कमी दिसतं, म्हणून तो मागे किंवा बाहेर सरकतो. तेव्हा पाहायचं ते हे: मैदानाच्या मध्यात, दहा ते वीस यार्डांवर तो किती फेका करतो? तो भाग ओसाड असेल तर उंची खरंच आड येते आहे.

पंजा अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत ताणून मोजतात. साडेनऊ इंच साधारण. केनी पिकेटचा साडेआठ भरला, बरोचा नऊ. पंजावर थेट मत बनवण्यापेक्षा सॅकच्या वेळी चेंडू किती वेळा हातातून सुटला आणि पावसात चेंडूची फिरकी बिघडते का ते बघा.

कम्बाइन आणि प्रो डेवर किती भरवसा ठेवायचा?

कमी. इंडियानापोलिसला फेब्रुवारीअखेरीस कम्बाइन होतं, तिथे समोर बचाव नसतो आणि रिसीव्हर अनोळखी असतात. २०२४ मध्ये विल्यम्स, जेडन डॅनियल्स आणि ड्रेक मे या तिघांनी तिथे चेंडू फेकलाच नाही, आणि तिघे पहिल्या तीन क्रमांकांवर गेले. कम्बाइनचा खरा उपयोग वैद्यकीय तपासणी आणि मुलाखतींसाठी.

प्रो डे तर कॉलेजच्याच मैदानावर, ओळखीच्या रिसीव्हरांसोबत, आधी सराव केलेल्या क्रमाने होतो. तो उत्तम गेला तर फारसं काही कळत नाही. २०२१ मध्ये झॅक विल्सनने डावीकडे पळत अंगाविरुद्ध टाकलेल्या लांब फेकीची खूप चर्चा झाली आणि तो दुसऱ्या क्रमांकावर गेला. एनएफएलमध्ये त्याला नडल्या त्या साध्या, वेळेत द्यायच्या फेका. उलट २०१४ मध्ये टेडी ब्रिजवॉटर नेहमीचा हातमोजा न घालता फेकायला उतरला, दिवस खराब गेला आणि तो बत्तिसाव्या क्रमांकापर्यंत घसरला. तीन हंगामांच्या व्हिडिओपेक्षा एका तासाला जास्त वजन देण्याची ही दोन रूपं.

अलाबामातल्या मोबाइल शहरातला सीनियर बोल, म्हणजे ड्राफ्टच्या उमेदवारांचा सामना, मात्र बघण्यासारखा असतो. सामन्यापेक्षा आठवड्याचा सराव महत्त्वाचा: नवी आखणी, नवे सोबती, आणि समोर त्याच वर्षीचे चांगले बचावपटू.

बुद्धीची परीक्षा कशी घेतात?

वंडरलिक ही बारा मिनिटांत पन्नास प्रश्नांची चाचणी कम्बाइनमध्ये वर्षानुवर्षं होती. २०२२ पासून ती बंद झाली. त्यानंतर संगणकावरच्या एस-टू चाचणीचा बोलबाला झाला. २०२३ मध्ये सी. जे. स्ट्राउडचा त्यातला फार कमी आकडा बाहेर फुटला, आणि त्याच मोसमात तो आक्रमणातला सर्वोत्तम नवखा ठरला. मुलांचे असे आकडे फोडणं अन्यायाचं आहे आणि त्यांच्यावर निर्णय घेणं चूक.

फळ्यावरची परीक्षा जास्त सांगून जाते. प्रशिक्षक दोन-तीन खेळी शिकवतो, मग अर्धा तास भलत्याच विषयावर बोलतो आणि नंतर त्याच खेळी काढायला लावतो: प्रत्येक रिसीव्हरची वाट, कोण कोणाला अडवणार, ब्लिट्झ (जादा बचावपटूंचा हल्ला) आला तर चेंडू कुठे. कॉलेजच्या वरच्या स्तरावर हेल्मेटमधला रेडिओ २०२४ ला आला, एनएफएलमध्ये तो १९९४ पासून आहे. आधीची बरीच मुलं कडेच्या फलकांकडे बघून खेळली. हडलमध्ये, म्हणजे खेळीआधीच्या घोळक्यात, उभं राहून लांबलचक खेळी एका दमात सांगायची सवय त्यांना नसते. ती लागते, पण वेळ घेते.

धावणाऱ्या क्वार्टरबॅकची पारख वेगळी असते का?

मोजपट्टी तीच, एक रकाना जास्त. पॉकेट सोडल्यावर त्याची नजर कुठे जाते? मैदानात खोलवर राहिली तर पाय हे फेकण्याचं साधन आहेत. नजर लगेच समोरच्या रशरवर उतरली तर तो आधी पळणारा आहे. पळताना तो घसरून खाली बसतो का, की खांदा घालतो, हेही लिहा. लमार जॅक्सनला २०१८ मध्ये रिसीव्हर करा असं जाहीरपणे म्हणणारे होते. बॉल्टिमोरने त्याला बत्तिसाव्या क्रमांकावर घेतलं, आखणी त्याच्याभोवती बांधली, आणि २०१९ व २०२३ ला तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

दुखापतींचा हिशेब कसा करायचा?

बाहेरच्या माणसाने फार करू नये, डॉक्टरांचे अहवाल संघांकडेच असतात. तारीख, अवयव आणि नंतर खेळलेले सामने एवढंच नोंदवा. तुआ टॅगोव्हायलोआचं खुब्याचं हाड नोव्हेंबर २०१९ मध्ये निखळलं, तरी तो पाचवा गेला. पेनिक्सच्या उजव्या गुडघ्याचा लिगामेंट दोनदा फाटला होता आणि तो आठवा गेला, कारण २०२२ आणि २०२३ चे हंगाम तो पूर्ण खेळला.

इतकं सगळं पाहूनही चांगले खेळाडू कसे निसटतात?

टॉम ब्रेडी २००० मध्ये १९९ वा, डॅक प्रेस्कॉट २०१६ मध्ये १३५ वा, ब्रॉक पर्डी २०२२ मध्ये २६२ वा, म्हणजे अगदी शेवटचा. तिघांतही दिसण्यात भरणारं काही नव्हतं, आणि संघांनी अंगापिंडावर जास्त भार टाकला. पर्डी आयोवा स्टेटमध्ये चार वर्षं खेळला होता आणि वेळेवर चेंडू सोडणं त्याच्या व्हिडिओत होतं. त्याला जी आखणी मिळाली ती त्याच्या गुणांना साजेशी होती, हेही तितकंच खरं. त्याच आखणीत लान्स टिकला नाही.

यावरून शेवटच्या फेरीत रत्नं दडलेली असतात असं समजू नका. उशिरा निवडलेले बहुतेक क्वार्टरबॅक एकही सामना सुरुवातीपासून खेळत नाहीत.

शेवटी अहवाल कसा लिहायचा?

एका पानात. वर वय, मोजमाप, सुरुवातीपासून खेळलेले सामने, पाहिलेले पाच सामने. मग तीन ओळींत तो आज काय करू शकतो, तीन ओळींत काय करू शकत नाही, आणि त्यातलं काय शिकवून येईल. ‘नेतृत्वगुण आहेत’ किंवा ‘जिंकायची जिद्द’ अशी वाक्यं खोडून टाका. त्याऐवजी ‘जखमी लाइन असताना चौथ्या क्वार्टरमध्ये दबावातल्या अकरा खेळींत एक सॅक’ असं तपासता येईल ते लिहा. खाली कोणत्या आखणीत तो बसेल आणि पहिल्या वर्षी खेळवावा की बसवावा. माहोम्सने पहिल्या हंगामात एकच सामना सुरू केला, जॉर्डन लव्ह तीन वर्षं थांबला. ज्याची पावलं अजून कच्ची आहेत त्याला वाईट लाइनमागे पहिल्याच आठवड्यात उतरवलं, तर तो पावलं सुधारायची सोडून जीव वाचवायला शिकतो.

निवड बरोबर होती की चूक, हे कधी कळतं?

एका हंगामात नक्कीच नाही. संघांपुढे मात्र मुदत असते: पहिल्या फेरीतल्या खेळाडूचं पाचवं वर्ष घ्यायचं की नाही हे तिसऱ्या हंगामानंतरच्या मे महिन्याच्या सुरुवातीला कळवावं लागतं. २०१८ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर घेतलेल्या सॅम डार्नल्डला न्यूयॉर्क जेट्सनी त्या मुदतीआधीच, एप्रिल २०२१ मध्ये, कॅरोलायनाकडे पाठवलं. २०२४ मध्ये, सातव्या हंगामात आणि चौथ्या संघाकडून, मिनेसोटाला त्याने १४ विजय आणि ३ पराभव असा हंगाम दिला. त्याच्या कॉलेजच्या दिवसांतल्या नोंदी कोणाकडे असतील तर वेळेत फेकलेल्या मधल्या पट्ट्यातल्या चेंडूंचा रकाना पुन्हा बघा, आणि त्याच्या शेजारी जेट्सच्या त्या तीन हंगामांतली त्याची लाइन आणि रिसीव्हर कोण होते ते लिहा.